एलव्हॅड बसवण्याआधी संगणकावर केलेले सिम्युलेशन: त्यावर किती विसंबावे?

जुई (धागालेखिका)

माझ्या मोठ्या बहिणीचे वय ५४ आहे. हृदयाचा स्नायू दुबळा होऊन कप्पे फुगत जाण्याचा आजार, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी, तिला असल्याचे सहा वर्षांपूर्वी कळले. तेव्हापासून सगळी औषधे वेळच्या वेळी चालू आहेत, तीन तारांचा पेसमेकरही बसवून झाला, पण इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या डाव्या निलयातील (हृदयाच्या खालच्या कप्प्यातील) रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारा वाटा, आता १८ टक्क्यांवर आले आहे. पूर्वी दोन उशा घेऊन झोपणारी ताई गेला महिनाभर खुर्चीत बसूनच रात्र काढते आहे. हृदयरोपणाच्या प्रतीक्षायादीत तिचे नाव आहे, परंतु तोवर एलव्हॅड, म्हणजे डाव्या निलयाला मदत करणारा पंप, बसवावा का, याचा निर्णय येत्या काही दिवसांत घ्यायचा आहे.

परवाच्या बैठकीत डॉक्टरांनी आम्हाला संगणकाच्या पडद्यावर एक आकृती दाखवली. आडव्या अक्षावर निलयातील रक्ताचे आकारमान होते, उभ्या अक्षावर दाब होता आणि प्रत्येक ठोक्याबरोबर एक वेटोळे रेखाटले जात होते. ताईचे वेटोळे अगदी उजवीकडे, बुटके आणि अरुंद होते. डॉक्टरांनी पडद्यावरचा पंप सुरू केला, तसे ते वेटोळे डावीकडे सरकले, त्याचा आकार त्रिकोणासारखा झाला आणि बाजूच्या रकान्यात फुप्फुसाकडचा दाब झपाट्याने उतरला. ते पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याच रकान्यात उजव्या अलिंदाचा (वरच्या कप्प्याचा) दाब १८ वरून २१ वर गेला होता आणि पंपातून मिनिटाला जेमतेम ३.४ लिटर रक्त जात होते. डॉक्टर एवढेच म्हणाले की उजव्या बाजूची त्यांना काळजी वाटते आणि यावर पुन्हा बोलावे लागेल.

माझा प्रश्न असा आहे की या आकड्यांकडे आम्ही नेमके कसे पाहावे? हे भाकीत आहे, अंदाज आहे, की समजावून सांगण्यासाठी काढलेले चित्र आहे? या विषयातील जाणकारांनी आणि या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया लिहावे.

---

स्पंदन

जुई, मी हृदय निकामी झालेल्या रुग्णांवरच उपचार करतो आणि अशी सिम्युलेशन वापरतो. तुमच्या ताईंना न तपासता त्यांच्याविषयी मत देणे योग्य होणार नाही, परंतु पडद्यावर तुम्ही काय पाहिले ते सांगू शकतो.

त्या वेटोळ्याला आम्ही लूप म्हणतो. निलय भरतो तेव्हा रेघ खालून उजवीकडे जाते, स्नायू आवळला की दाब वाढून ती वर चढते, झडप उघडून रक्त बाहेर पडले की डावीकडे येते आणि स्नायू सैल पडला की खाली उतरते. लूपची रुंदी म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडलेले रक्त. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस हिरोयुकी सुगा आणि किइची सागावा यांनी कुत्र्यांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवले की आकुंचनाच्या शेवटी लूपचा वरचा डावा कोपरा एका ठरावीक रेषेवर येऊन टेकतो आणि त्या रेषेचा चढ हा स्नायूच्या ताकदीचे माप असतो. हृदय दुबळे झाले की ती रेषा आडवी पडते आणि लूप उजवीकडे सरकतो. तुमच्या ताईंचा लूप उजवीकडे का होता, याचे उत्तर हेच आहे.

एलव्हॅड हृदयाच्या ठोक्याची वाट पाहत नाही. तो निलयाच्या टोकाशी बसून सतत रक्त ओढत राहतो आणि महाधमनीत सोडतो. त्यामुळे लूपच्या ज्या दोन उभ्या बाजूंवर एरवी आकारमान बदलत नाही, त्या तशा उभ्या उरत नाहीत आणि आकार त्रिकोणी होतो. निलय हलका झाला की त्याच्या मागे फुप्फुसांत तुंबलेले रक्त मोकळे होते आणि धाप कमी होते. हा भाग सिम्युलेशनमध्ये सहसा बरोबर येतो, कारण त्यामागचे शरीरशास्त्र सरळ आहे.

खरी गुंतागुंत उजव्या निलयाची आहे. पंप डावीकडून जेवढे रक्त पुढे ढकलतो, तेवढेच शरीरभर फिरून उजवीकडे परत येते आणि ते सगळे पुढे पाठवण्याचे काम उजव्या निलयावर पडते, शिवाय त्याच्या मदतीला कोणताही पंप नसतो. दुसरीकडे, फुप्फुसांतला दाब उतरल्यामुळे त्याच उजव्या निलयाचे ओझे हलकेही होते. तिसरी गोष्ट म्हणजे पंपाने जास्त ओढले तर दोन निलयांमधला पडदा डावीकडे खेचला जातो आणि उजव्या निलयाचे आकुंचन बिघडते. या तीन परिणामांपैकी कोणाचे पारडे जड ठरेल, हे एकेक आकडा वेगळा पाहून कळत नाही. सगळ्यांचा मेळ एकत्र घालण्यासाठी सिम्युलेशन लागते आणि त्याचा सर्वांत मोठा उपयोगही इथेच होतो.

तुम्ही डॉक्टरांना एक गोष्ट अवश्य विचारा. सिम्युलेशनमध्ये घातलेले दाब कोणत्या दिवशीच्या कॅथेटर तपासणीतले (हृदयात बारीक नळी घालून मोजलेले) आहेत, आणि त्या दिवशी ताईंच्या अंगात पाणी किती साचलेले होते?

---

ओवी

स्पंदन यांच्या प्रश्नाला जोडून आणखी एक विचारावेसे वाटते. डॉक्टरांनी २१ हा एकच आकडा दाखवला, की त्यासोबत कमी-जास्तीची मर्यादाही सांगितली? एकच आकडा समोर आला की आपण नकळत त्याला चिकटून बसतो.

---

जुई

ओवी, एकच आकडा होता. मर्यादा सांगितलेली आठवत नाही, किंवा सांगितली असेल तर त्या क्षणी माझ्या कानांपर्यंत पोहोचली नसेल. स्पंदन, तारखेचा प्रश्न उद्याच विचारते.

---

अवकल

मी अभियंता आहे आणि रक्ताभिसरणाची संगणकीय प्रतिरूपे (मॉडेल) तयार करणे हेच माझे काम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘हृदयाचे सिम्युलेशन’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. जुई यांनी पाहिलेले प्रतिरूप बहुधा सर्वांत साध्या प्रकारचे आहे. त्यात हृदयाचा आकार नसतोच. रक्ताभिसरण हे विजेच्या मंडलासारखे मांडलेले असते, ज्यात रक्तवाहिन्यांचा अडथळा म्हणजे रोध, त्यांची ताणली जाण्याची क्षमता म्हणजे धारित्र, आणि हृदयाचे प्रत्येक दालन म्हणजे वेळेनुसार ताठ व सैल होणारी पिशवी. धमनी ठोक्याच्या वेळी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये साठवलेले रक्त पुढे सोडते, ही कल्पना ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये गणितात बसवली आणि आजची ही प्रतिरूपे त्याच पायावर उभी आहेत. ही गणिते साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटतात, म्हणूनच बैठकीत बसल्या बसल्या पंपाचा वेग बदलून दाखवता येतो.

दुसऱ्या टोकाला त्रिमितीय प्रतिरूपे आहेत. त्यांत एमआरआय किंवा सीटीवरून रुग्णाच्या हृदयाचा आकार घेतात, त्याचे लाखो बारीक तुकडे पाडतात आणि स्नायुतंतूंची दिशाही घालतात. निलयाच्या भिंतीतले तंतू आतून बाहेर जाताना मळसूत्रासारखे वळत जातात, आतल्या थरात एका बाजूला सुमारे ६० अंश तर बाहेरच्या थरात विरुद्ध बाजूला सुमारे ६० अंश. हे वळण चुकले तर आकुंचनाच्या वेळी हृदय ज्या तऱ्हेने पिळले जाते तेही चुकते. अशा प्रतिरूपात एका ठोक्याच्या गणिताला मोठ्या संगणकावरही तास लागू शकतात. पंपाची नळी महाधमनीला कोणत्या कोनात जोडावी, तिथे रक्त कुठे भोवऱ्यासारखे फिरेल आणि कुठे साचून गुठळी होण्याची भीती आहे, अशा प्रश्नांना हीच प्रतिरूपे लागतात. साध्या मंडलाला हे प्रश्न विचारताच येत नाहीत.

आता जुई यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रतिरूप रुग्णाशी जुळवताना आमच्या हाती मोजलेले आकडे दहा-बारा असतात, तर प्रतिरूपात ठरवायच्या राशी त्याहून पुष्कळ जास्त असतात. परिणामी एकाच रुग्णाचे तेच मोजलेले आकडे देणारी, तरीही आतून वेगळी असलेली प्रतिरूपे एकाहून अधिक निघू शकतात. एकात उजवा निलय दुबळा असेल, तर दुसऱ्यात तो ठीक असून शिरांमध्ये पाणी जास्त असेल, आणि आजचे दाब दोन्हींत सारखेच दिसतील. पंप सुरू केल्यावर मात्र त्या दोघांचे मार्ग वेगळे होतात. प्रामाणिक काम करायचे असेल तर अशी सगळी शक्य प्रतिरूपे चालवून उत्तरांचा पट्टा दाखवला पाहिजे. ओवी यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले आहे.

---

कातळ

मी निवृत्त हृदयशल्यचिकित्सक आहे. वरील चर्चा उत्तम चालली आहे, तरीही सावधगिरीचा इशारा देणे मला कर्तव्य वाटते.

१९९०च्या दशकात ब्राझीलच्या रांदास बतिस्ता यांनी फुगलेल्या डाव्या निलयाच्या भिंतीचा एक तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तिच्यामागचा तर्क निर्दोष वाटत होता. लाप्लासच्या नियमानुसार भिंतीवरचा ताण त्रिज्येबरोबर वाढतो, म्हणून त्रिज्या कमी केली की ताण कमी होईल आणि हृदय सुधारेल. शस्त्रक्रियेनंतर इजेक्शन फ्रॅक्शन वाढलेले दिसे आणि आम्ही सगळेच हुरळून गेलो. नंतर त्यांतले पुष्कळ रुग्ण पुन्हा त्याच अवस्थेत परत येऊ लागले आणि ती शस्त्रक्रिया जवळजवळ सर्वत्र बंद पडली.

दुसरे उदाहरण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिच’ चाचणीचे आहे. बायपासबरोबर निलयाची पुनर्रचना केली तर फायदा होतो का, हे १,००० रुग्णांमध्ये तपासले गेले. पुनर्रचना केलेल्या गटात निलयाचे आकारमान १९ टक्क्यांनी घटले, केवळ बायपास केलेल्या गटात ६ टक्क्यांनी. म्हणजे जे साधायचे होते ते साधले होते. पण मृत्यू किंवा हृदयविकारासाठी पुन्हा रुग्णालयात दाखल होणे या कसोटीवर पाहिले तर एका गटात ५८ आणि दुसऱ्यात ५९ टक्के, म्हणजे काहीच फरक पडला नाही.

संगणक आकारमान, दाब आणि प्रवाह सांगतो. रुग्ण किती दिवस जगेल आणि त्या दिवसांत जिना चढू शकेल का, हे तो सांगत नाही. पडद्यावर लूप डावीकडे सरकला म्हणून ज्या आईच्या डोळ्यांत पाणी आले, तिला हा फरक कोणी समजावून सांगितला का, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी अत्यंत कळकळीने विचारतो आहे.

---

अवकल

कातळ सर, स्टिचविषयी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र बतिस्ता शस्त्रक्रियेचा दाखला माझ्या मते उलट बाजूने साक्ष देतो.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात दाब-आकारमान प्रतिरूपावर या शस्त्रक्रियेचे विश्लेषण झाले होते. दुबळा परंतु आकुंचन पावणारा स्नायू कापला, तर आकुंचनाच्या शेवटची रेषा जशी डावीकडे सरकते, तशीच भरण्याच्या वेळची वक्ररेषाही डावीकडे सरकते, असे त्यातून दिसले. म्हणजे निलय आवळतो थोडा बरा, पण भरतो कमी, आणि गोळाबेरीज करता नुकसानच होते. याउलट कापलेला भाग मृत असेल आणि ठोक्यागणिक उलट बाहेर फुगत असेल, तर फायदा दिसतो. इजेक्शन फ्रॅक्शन वाढते ते मुख्यतः भागाकारातला छेद, म्हणजे निलयाचे आकारमान, लहान झाल्यामुळे. शस्त्रक्रियेमागे लाप्लासचे एकच सूत्र होते आणि त्यात हृदय भरण्याची बाजू आलीच नव्हती. पूर्ण अभिसरणाचे प्रतिरूप मांडल्यावर ती बाजू लगेच समोर आली.

---

कातळ

अवकल, मुद्दा मान्य आहे आणि तो विश्लेषणाचा लेख मी त्या काळी वाचलाही होता. तो वाचूनही शस्त्रक्रिया थांबली नाही, ती थांबली रुग्ण परत येऊ लागल्यावर, हेही नोंदवून ठेवतो. तसेच स्टिचबाबत प्रतिरूप आपल्याला आधी सावध करू शकले असते, असे तुम्ही म्हणत नाही आहात, याकडे लक्ष वेधतो.

---

सांजवात

माझ्या यजमानांना एलव्हॅड बसवून तीन वर्षे झाली. गणित मला कळत नाही, पण पंपाचा वेग ठरवण्याची तपासणी मी दोनदा जवळून पाहिली आहे, ती सांगते.

त्यांना टेबलावर कुशीवर झोपवले, इकोचा प्रोब छातीवर धरला आणि दुसऱ्या तंत्रज्ञाने पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. प्रत्येक टप्प्यावर थांबून दोन निलयांमधला पडदा सरळ आहे की एका बाजूला झुकला, महाधमनीची झडप अधूनमधून उघडते की नाही, मायट्रल झडपेतली (डाव्या अलिंद-निलयामधल्या झडपेतली) गळती कमी झाली का, हे पाहत होते. एका टप्प्यावर तो पडदा डावीकडे ओढला गेलेला मलासुद्धा इकोच्या स्क्रीनवर दिसला आणि डॉक्टरांनी लगेच वेग खाली आणला. वर स्पंदन यांनी जे तिसरे कारण लिहिले आहे, ते वाचताना मला तोच क्षण आठवला.

आमच्याही वेळी आधी संगणकावर वेगाचा अंदाज काढला होता. प्रत्यक्षात ठरलेला वेग त्याच्या जवळपास होता, तंतोतंत तोच नव्हता, आणि पुढे सहा महिन्यांनी तोही बदलावा लागला. जुईताई, तुम्ही पडद्यावर पाहिले त्यात पोटातून बाहेर येणारी वायर, तिचे रोजचे ड्रेसिंग, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, दोन बॅटऱ्या आणि रात्री झोपताना यंत्र विजेला जोडून ठेवणे, यांतले काहीही नव्हते. निर्णय घेताना तेही शेजारी मांडा. माझे यजमान आज आडवे झोपतात, रात्रभर झोपतात. हेही लिहिले नाही तर चित्र अपुरे राहील.

---

मृण्मय

एक शंका आहे. सहा महिन्यांनी वेग का बदलावा लागला? संगणकाला हे आधी का कळले नाही?

---

स्पंदन

मृण्मय, फार चांगला प्रश्न विचारलात. पडद्यावर दिसतो तो पंपाचा तात्काळ परिणाम. शरीर मात्र त्यानंतर आठवडे, महिने बदलत राहते. मूत्रपिंडांना चांगला रक्तपुरवठा मिळू लागला की ती साचलेले पाणी काढतात, रक्ताचे एकूण आकारमान बदलते, औषधे बदलतात, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या हळूहळू सैल पडतात आणि काही रुग्णांमध्ये खुद्द निलयाचा आकारही थोडा लहान होतो. बैठकीत वापरली जाणारी बहुतेक प्रतिरूपे या सगळ्या गोष्टी आहेत तशाच राहतील असे धरून चालतात.

मूत्रपिंडांना गणितात घेण्याचा प्रयत्न जुना आहे. आर्थर गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रक्ताभिसरणाच्या नियंत्रणाचे जे प्रतिरूप प्रसिद्ध केले, त्याच्या आकृतीत ३५० हून अधिक चौकटी होत्या आणि रक्तदाबाचे दीर्घकालीन नियंत्रण मूत्रपिंडांकडे कसे येते हे त्यातून दिसत होते. पण एका विशिष्ट रुग्णासाठी एवढ्या चौकटींतले आकडे ठरवणे, म्हणजे अवकल यांनी वर मांडलेली अडचण अनेक पटींनी वाढवणे.

---

रेखाटन

मी सीटी-एमआरआय विभागात काम करते. या धाग्यात मुख्यतः दाब आणि प्रवाह यांचीच चर्चा चालली आहे, म्हणून सिम्युलेशनच्या एका वेगळ्या उपयोगाची भर घालते. यंत्र छातीत मावेल का, हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले तर मार्ग उरत नाही.

दोन्ही निलयांच्या जागी बसवल्या जाणाऱ्या ७० मिलिलिटरच्या कृत्रिम हृदयासाठी एक ठोकताळा वापरला जातो, तो म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापासून उरोस्थीपर्यंत किमान १० सेंटिमीटर अंतर हवे. ज्यांचे अंतर याच्या काठावर असते, विशेषतः लहान अंगकाठीच्या व्यक्ती आणि मोठी मुले, त्यांच्या सीटीमधून छातीची त्रिमितीय प्रतिमा काढून त्यात यंत्राची प्रतिमा बसवून पाहतात. यंत्र डाव्या फुप्फुसाच्या शिरांवर किंवा खालच्या महाशिरेवर दाबले जाते का, छाती बंद होईल का, हे आधीच कळते. केवळ अंतर मोजून ज्यांना नकार मिळाला असता, अशा काही रुग्णांना यामुळे उपचार मिळू शकले आहेत. रोपणासाठी दात्याचे हृदय मापाने योग्य आहे का, हे ठरवण्यासाठीही अशा प्रतिमांचा वापर होऊ लागला आहे.

या प्रकारात अनिश्चितता फार कमी असते, कारण इथे शरीराचे वागणे ओळखायचे नसते, फक्त आकार जुळवायचे असतात. म्हणून ‘सिम्युलेशन विश्वासार्ह आहे का’ असे सरसकट विचारू नये, असे मला वाटते.

---

अवकल

रेखाटन, तुमचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. वैद्यकीय उपकरणांच्या संगणकीय प्रतिरूपांसाठी २०१८ मध्ये एएसएमई या अभियंत्यांच्या संस्थेने जे व्ही अँड व्ही ४० मानक काढले, त्याचा गाभा हाच आहे. प्रतिरूप कोणत्या प्रश्नासाठी वापरायचे ते आधी लिहून काढायचे, उत्तर चुकले तर रुग्णाचे किती नुकसान होईल आणि निर्णयात त्या उत्तराचा वाटा किती आहे ते ठरवायचे, आणि त्या जोखमीच्या प्रमाणात पुरावा मागायचा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व उपकरणांच्या नियामक संस्थेने) २०२३ मध्ये काढलेली मार्गदर्शक सूचनाही याच विचाराने लिहिलेली आहे.

जुई यांच्या ताईंच्या बाबतीत प्रश्न असा होतो की उजव्या निलयाविषयीचे हे उत्तर निर्णयाचा एकमेव आधार आहे, की इको, कॅथेटर आणि डॉक्टरांचा अनुभव यांच्या सोबतीला एक आहे? पहिल्या परिस्थितीत मी फार कडक पुरावा मागेन. दुसऱ्या परिस्थितीत मात्र संभाव्य धोका आधी दाखवणारे साधन म्हणून ते नक्की वापरेन.

---

ओवी

अतालतेसाठीही, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्यासाठीही, असे प्रतिरूप वापरतात असे वाचले होते. ते याच प्रकारचे असते का?

---

अवकल

ओवी, त्यात दाबाऐवजी विजेचा प्रवाह मांडलेला असतो. त्याचा उगम डेनिस नोबल यांच्या १९६०च्या कामात आहे. हृदयातील एका पेशीचे विद्युत स्पंदन त्यांनी गणिताने मांडले आणि त्यासाठी विद्यापीठाच्या एकुलत्या एक संगणकावर त्यांना मध्यरात्रीनंतरची वेळ मिळत असे. आज जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नतालिया ट्रायानोव्हा यांचा गट रुग्णाच्या एमआरआयवरून हृदयातील व्रणांसह प्रतिरूप उभारतो आणि घातक अतालता कुठून सुरू होऊ शकते ते शोधतो. त्यांचा ४१ रुग्णांवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निकामी होत चाललेल्या हृदयात अचानक मृत्यूचा धोका असतोच, त्यामुळे डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारे यंत्र) कोणाला द्यावा या प्रश्नाशी हे काम थेट जोडलेले आहे.

---

जुई

दहा दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि त्यांतले प्रश्न वहीत उतरवून बैठकीला घेऊन गेले.

स्पंदन यांनी सांगितलेला तारखेचा प्रश्न सर्वांत आधी विचारला. पहिले सिम्युलेशन ताई दाखल झाली त्याच दिवशीच्या कॅथेटर तपासणीवर बेतलेले होते. त्या दिवशी तिच्या पायांवर बोट दाबले तर खळगा तसाच राहत होता. उजव्या अलिंदाचा दाब १८ होता, फुप्फुसाच्या केशिकांकडचा दाब २७ होता आणि फुप्फुस धमनीचा दाब ५२ वर ३० होता. डॉक्टरांनी सांगितले की पहिल्या दोन आकड्यांचे गुणोत्तर ०.६३ च्या वर गेले तर पंपानंतर उजवा निलय खचण्याचा धोका वाढलेला मानतात, आणि ताईचे ०.६७ होते.

त्यानंतर नऊ दिवस शिरेतून लघवीचे औषध आणि हृदयाला बळ देणारे ठिबक चालू होते. तिचे वजन साडेसहा किलोंनी उतरले. काल पुन्हा कॅथेटर घालून मोजले तेव्हा उजव्या अलिंदाचा दाब १०, केशिकांकडचा २४ आणि फुप्फुस धमनीचा ४६ वर २४ आला. म्हणजे गुणोत्तर ०.४२. याच आकड्यांवर सिम्युलेशन पुन्हा चालवले. पडद्यावरचा पंप सुरू केल्यावर उजव्या अलिंदाचा दाब १३ वर थांबला आणि प्रवाह ४.६ लिटरवर गेला. ओवी यांच्या सांगण्याप्रमाणे मी मर्यादा विचारली. डॉक्टरांना तो प्रश्न आवडला असे वाटले, कारण त्यांनी शिरांतले पाणी आणि उजव्या निलयाची ताकद थोडी खाली-वर करून ते सहा-सात वेळा चालवून दाखवले. दाब ११ ते १७ पर्यंत फिरला. १७ चे उत्तर देणारी शक्यता त्यांनी झाकून ठेवली नाही. तसे झालेच तर उजव्या बाजूला काही दिवसांपुरता आधार देणारा पंप शस्त्रक्रियेच्या दिवशी तयार ठेवला जाईल.

कातळ सर, तुमचा प्रश्न मी आईसमोरच विचारला. लूप सरकला म्हणजे ताई किती वर्षे जगेल हे कळत नाही, हे डॉक्टरांनी आईला स्वच्छ शब्दांत सांगितले. आजच्या प्रकारच्या पंपाच्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी ५८ टक्के रुग्ण हयात होते, हा आकडा त्यांनी वेगळा सांगितला आणि तो सिम्युलेशनमधून आलेला नाही हेही सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने ड्रेसिंग कोण करणार ते विचारले. सांजवातताई, तुमचा प्रतिसाद मी तिला आधीच वाचून दाखवला होता.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली आहे. दोन्ही वेळच्या आकड्यांचा कागद मी मागून घेतला. एका रकान्यात दाखल झाल्याच्या दिवसाचे सिम्युलेशन, दुसऱ्यात कालचे, आणि तिसरा रकाना मी स्वतः आखून मोकळा ठेवला आहे.

---

कातळ

जुई, आईंना माझा नमस्कार सांगा. ड्रेसिंगचा प्रश्न विचारणारी व्यक्ती घरात आहे, हे ऐकून फार बरे वाटले.

---

सांजवात

ड्रेसिंग शिकवण्याची वेळ शस्त्रक्रियेच्या आधीच मागून घ्या. नंतर ताईंच्या जवळून हलावेसे वाटत नाही आणि शिकणे राहून जाते. काहीही अडले तर मला निरोप पाठवा.

---

स्पंदन

जुई, तिसरा रकाना भरताना आकड्यांशेजारी तपासणीची तारीख, त्या क्षणी असलेला पंपाचा वेग आणि त्या दिवशीचे वजन जरूर लिहा, नाहीतर दुसऱ्या रकान्याशी तुलना होणार नाही. ठिबक चालू असताना मोजलेले आणि बंद झाल्यावर मोजलेले आकडेही वेगळे ठेवा. आणि तो कागद डॉक्टरांनाही दाखवा. पुढच्या रुग्णासाठी प्रतिरूप जुळवताना त्यांना तो लागेल.